ऑप्टिकल ड्राइव्हविना लिनक्स : साधन, माध्यम आणि स्वावलंबन यांचा एक ऐतिहासिक अभ्यास (वर्धा येथील विचारपरंपरेच्या संदर्भात)

सारांश

मुक्त आज्ञावलीच्या इतिहासाची मांडणी बहुधा परवान्याच्या अंगाने केली जाते. आज्ञावली वापरण्याची, पाहण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक वापरणाऱ्यास केव्हा व कशी मिळाली, हा त्या मांडणीचा केंद्रबिंदू असतो. परंतु मिळालेली आज्ञावली प्रत्यक्ष यंत्रात कोणत्या वाटेने शिरली, या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत निबंधात सीडी वा डीव्हीडी वाचणारा ऑप्टिकल ड्राइव्ह नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स स्थापित करण्याच्या पद्धतींचा इतिहास तपासला आहे. त्यासाठी वर्धा येथे विकसित झालेल्या ग्रामोद्योगविषयक विचाराची कसोटी वापरली आहे. परवान्याची मोकळीक १९९२ मध्येच मिळाली, माध्यमाची मोकळीक टप्प्याटप्प्याने आली आणि सर्वांत दुबळे यंत्र व मराठी भाषा यांच्या वाट्याला ती सर्वांत शेवटी आली, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजशब्द : मुक्त आज्ञावली, लिनक्स, लॅपटॉप, ग्रामोद्योग, स्वावलंबन, मराठी स्थानिकीकरण, निर्लेखन.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन कारभारात ‘निर्लेखन’ हा शब्द सर्वपरिचित आहे. जडवस्तू नोंदवहीत नोंदलेली एखादी वस्तू निरुपयोगी ठरली की समिती तिची पाहणी करते, ठराव होतो आणि वस्तू नोंदवहीतून कमी केली जाते. लाकडी खुर्ची मोडली की ती निरुपयोगी झाली, याविषयी मतभेद होत नाही. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचा पडदा उजळतो, कळा चालतात, हार्ड डिस्क फिरते, तरीही तो ‘जुना’ म्हणून बाजूला पडतो. अनेकदा त्यातील मूळ ऑपरेटिंग सिस्टिमचे आयुष्य संपलेले असते आणि नवी घालण्यासाठी लागणारा सीडी ड्राइव्ह एक तर बिघडलेला असतो किंवा मुळातच नसतो.

अशा लॅपटॉपवर लिनक्स कसे बसवावे, हा वरवर पाहता निव्वळ तांत्रिक प्रश्न वाटतो. परंतु यंत्र चालते, आज्ञावली विनामूल्य आहे, तिची प्रत करण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि तरीही दोहोंची गाठ पडत नाही, ही स्थिती इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. कायद्याने मिळालेला अधिकार आणि प्रत्यक्ष हाती आलेले साधन यांतील अंतर या एका उदाहरणात स्पष्टपणे दिसते. या अंतराचा इतिहास मांडणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. वर्ध्याची कसोटी

साधन आणि ते वापरणारा माणूस यांच्या संबंधाचा विचार वर्धा जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जितक्या चिकाटीने झाला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्धा येथील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे कार्यवाह होते. १९३६ मध्ये गांधीजी शेगाव येथे राहावयास गेले. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली, तर डिसेंबर १९३८ मध्ये मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर चालणारा ‘मगन दीप’ हा मगनवाडीतील प्रयोगांचाच एक भाग होता. प्रकाश हवा, पण त्यासाठी बाहेरून येणाऱ्या इंधनावर अवलंबून राहावे लागू नये, हा त्यामागील विचार होता.

या विचाराची सर्वांत नेमकी मांडणी गांधीजी वर्ध्यास येण्यापूर्वीच, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाच्या एका घोषणेत झाली होती. सुधारित चरख्यासाठी संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले आणि त्यास काटेकोर अटी जोडल्या. यंत्र हलके व सहज हलविता येण्याजोगे असावे. झोपडीत हाताने वा पायाने चालविता यावे. त्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. वेळोवेळी देखभाल केल्यास ते वीस वर्षे चालावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. हे पारितोषिक अखेरपर्यंत कोणालाही देण्यात आले नाही. तथापि त्या अटी हा आधुनिक भारतातील साधनविचाराचा महत्त्वाचा दस्तऐवज मानावा लागेल. केवळ अधिक सूत काढणारे यंत्र त्यांना अभिप्रेत नव्हते. किंमत, सुवाह्यता, आयुर्मान आणि दुरुस्ती या चारही बाबतींत वापरणाऱ्याच्या आवाक्यातील यंत्र त्यांना हवे होते.

चरखा आणि संगणक यांची सरसकट तुलना करणे उचित ठरणार नाही. संगणकाची चकती वा चिप खेड्यात तयार होत नाही. परंतु ‘हे साधन वापरणाऱ्यास ते स्वतः पुन्हा चालू करता येते काय?’ हा प्रश्न दोहोंनाही सारखाच लागू पडतो. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे.

३. परवाना आणि माध्यम : प्रारंभीचा काळ

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची वार्ता जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती इंटरनेटवर ठेवली. तिचा मूळ परवाना सर्वस्वी मोकळा नव्हता. ती वाटताना पैसे आकारण्यास, इतकेच नव्हे तर प्रत करण्याचा व हाताळणीचा खर्च घेण्यासही, त्यात मनाई होती. हेतू उदात्त असला तरी परिणाम अडचणीचा होता. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांच्यापर्यंत ही प्रणाली फ्लॉपीवरूनच पोहोचू शकत होती आणि फ्लॉपी विकत घ्यावी लागत होती. १९९२ च्या प्रारंभी टोरवाल्ड्स यांनी रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना स्वीकारला व ही अट दूर झाली.

ही घटना केवळ कायद्याची म्हणून नोंदविली जाते. वस्तुतः तिच्यात माध्यमाचा प्रश्न अनुस्यूत होता. प्रत करणाऱ्यास आपला खर्च भरून घेण्याची मुभा मिळाल्याशिवाय विनामूल्य वस्तूही दूरवर जात नाही, हे या बदलाने मान्य केले. फ्लॉपीचे संच व सीडी विकणारे वितरक त्यानंतरच उभे राहू शकले.

जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी ‘स्लॅकवेअर’ हे वितरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीसाठी साडेतीन इंची २४ फ्लॉपींच्या प्रतिमा होत्या. प्रत्येक फ्लॉपीची क्षमता १.४४ मेगाबाइट होती. चोविसांपैकी एखादी जरी खराब निघाली तरी काम अडत असे. तरीसुद्धा त्या काळात स्थापनेची अडचण सर्वांना समान होती. फ्लॉपी ड्राइव्ह टेबलावरील संगणकालाही होता आणि लॅपटॉपलाही. माध्यम गैरसोयीचे होते, परंतु त्यामुळे यंत्रायंत्रांत भेद निर्माण होत नव्हता.

४. सीडीचे युग आणि भारतीय वाचक

हा भेद सीडीने निर्माण केला. जानेवारी १९९५ मध्ये सीडीवरून थेट संगणक सुरू करण्याचे ‘एल टोरिटो’ हे मानक निश्चित झाले. सुमारे ७०० मेगाबाइट क्षमतेच्या एका सीडीत जवळपास ४८६ फ्लॉपींइतका मजकूर मावत असल्याने वितरणे झपाट्याने मोठी होऊ लागली. भारतात संगणकविषयक मासिकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना देण्याचा उपक्रम ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ मध्ये सुरू केला. महानगरांबाहेरील अनेक वाचकांची लिनक्सशी पहिली ओळख अशा सीडीमधूनच झाली. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये ‘उबुंटू’ची पहिली आवृत्ती आली. मागणी नोंदविल्यास टपालाने विनामूल्य सीडी पाठविण्याची तिची योजना एप्रिल २०११ पर्यंत चालू होती.

टपालाने येणाऱ्या सीडीचे महत्त्व त्या काळातील जोडणीचा वेग पाहिल्याशिवाय कळणार नाही. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या ५६ किलोबिट वेगाच्या मोडेमवर एका सीडीइतका मजकूर उतरवून घ्यावयाचा झाल्यास, तार एकदाही न तुटता, कमाल वेगानेही सुमारे २८ तास लागले असते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ किलोबिट ठरविला. त्या वेगानेही सहा तासांहून अधिक काळ लागतो. तालुक्याच्या गावी, भारनियमनाच्या दिवसांत, सहा तास अखंड वीज व अखंड जोडणी मिळणे दुरापास्तच होते. त्यामुळे सीडी ही केवळ सोय नव्हती, तर व्यवहारतः एकमेव वाट होती.

त्याच काळात वजनाने हलक्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह वगळण्यास सुरुवात झाली. आयबीएमच्या थिंकपॅड ‘एक्स’ मालिकेत, जी २००० पासून बाजारात आली, ड्राइव्ह यंत्रात नसून खाली जोडावयाच्या स्वतंत्र तळखणात असे. यंत्र दुसऱ्या वा तिसऱ्या हाती जाईपर्यंत हा तळखण बहुधा हरवलेला असे. ज्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह होता, तेथेही धुळीने वा झिजेने त्याचे भिंग निकामी झाले की स्थिती तीच होई. अशा प्रकारे प्रणाली सीडीवर आणि यंत्र सीडीविना, अशी विसंगती उद्भवली.

५. ड्राइव्हविना स्थापनेचे मार्ग

या विसंगतीवर जे उपाय निघाले ते बहुतांशी वापरणाऱ्यांनी व स्वयंसेवी आज्ञावलीकारांनी शोधले. संगणक सुरू होताच त्याच्या स्थायी स्मृतीतील ‘बायोस’ ही छोटी आज्ञावली एखादे उपकरण निवडते व त्यावरील पहिला भाग वाचते. सीडी नसेल तर बायोसला दुसरे कोणते तरी उपकरण दाखविणे, हे या सर्व उपायांचे समान सूत्र होय.

पहिला मार्ग यंत्रात आधीपासून असलेल्या प्रणालीचाच आधार घेण्याचा होता. ‘लोडलिन’ या आज्ञावलीच्या साहाय्याने डॉसमधून थेट लिनक्सचे केंद्रक सुरू करता येई. आवश्यक फाइली अगोदर हार्ड डिस्कवर ठेवल्या की फ्लॉपी वा सीडी यांची गरजच उरत नसे. मात्र जुनी प्रणाली चालू स्थितीत असणे हे येथे गृहीत होते.

दुसरा मार्ग तारेचा होता. दोन संगणकांची प्रिंटरसाठीची समांतर द्वारे एका विशिष्ट केबलने जोडून त्यावर जाळे उभारण्याची सोय लिनक्समध्ये होती. वेग बेताचा असला तरी नेटवर्क कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्यामुळे वाट मिळाली. पुढे सप्टेंबर १९९९ मध्ये इंटेलने ‘पीएक्सई’ या मानकाची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यानुसार संगणक सुरू होताच नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्राकडून पत्ता व आरंभिक फाइल मागवितो. ज्या प्रयोगशाळेत एक चालू संगणक व एक साधी नेटवर्क केबल आहे, तेथे या मार्गाने अनेक लॅपटॉपवर एकही सीडी न वापरता लिनक्स बसविता येते.

तिसरा मार्ग स्क्रू-ड्रायव्हरचा होता. लॅपटॉपची अडीच इंची हार्ड डिस्क काढून, तिच्या ४४ पिनांच्या जोडणीस ४० पिनांचा अडॅप्टर लावून ती टेबलावरील संगणकास जोडावयाची, तेथे प्रणाली भरावयाची आणि डिस्क पुन्हा जागेवर बसवावयाची. लिनक्सचे केंद्रक सुरू होताना त्या त्या यंत्रातील उपकरणे स्वतः ओळखते; त्यामुळे एका यंत्रात भरलेली प्रणाली दुसऱ्यात बहुधा चालते. बाजारातील दुरुस्तीच्या दुकानांत हा मार्ग विशेष रुळला. तो सर्वांत कमी ‘आधुनिक’, परंतु वापरणाऱ्यास यंत्राची खरी ओळख करून देणारा होता.

चौथा मार्ग यूएसबीचा होय. २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह बाजारात आला. परंतु त्या वेळच्या अनेक लॅपटॉपचे बायोस त्यावरून सुरू होण्यास असमर्थ होते. मग प्रथम फ्लॉपी वा हार्ड डिस्कवरील ‘प्लॉप’सारख्या छोट्या आज्ञावलीने यूएसबी द्वार जागे करावयाचे व तिने पुढची सूत्रे पेन ड्राइव्हकडे सोपवावयाची, अशी दुहेरी युक्ती करावी लागे. यूएसबीच्या जुन्या आवृत्तीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. म्हणजे ७०० मेगाबाइटची संपूर्ण प्रतिमा वाचण्यास दहा-बारा मिनिटे लागत. हा विलंब सहन करण्याजोगा होता. २००७ मध्ये ‘युनेटबूटिन’ या आज्ञावलीने पेन ड्राइव्ह तयार करण्याचे काम काही कळांवर आणले आणि २००८ नंतर सीडीची प्रतिमा जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरविण्याची पद्धत रूढ होत गेली. ऑप्टिकल ड्राइव्हचा अभाव ही अडचण येथे बऱ्याच अंशी संपली.

६. गोवा आणि खैराट

या तांत्रिक इतिहासास गोवा व महाराष्ट्र येथील दोन प्रयोगांची जोड देता येते. पहिला प्रयोग गोव्यातील शाळांचा आहे. नव्या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने तेथील वापरलेले संगणक गोळा करून गोव्यातील शाळांना पाठविण्यात आले व त्यांवर लिनक्सचा वापर करण्यात आला. संगणक देणगीदाखल मिळाला तरी त्यावरील आज्ञावलीचे परवाने विकत घ्यावे लागल्यास शाळेचा खर्च आवाक्याबाहेर जातो, ही जाणीव त्यामागे होती. ‘जुने यंत्र अधिक मुक्त आज्ञावली’ हे सूत्र येथे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

दुसरा प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैराट येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेचा आहे. निकोलस निग्रोपोंटे यांच्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेस भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. तरीही २००७ च्या उत्तरार्धात खैराट येथे या योजनेचा भारतातील पहिला प्रायोगिक वर्ग सुरू झाला. वर्गात अवघी वीस-बावीस मुले होती. त्यांच्या हाती आलेल्या ‘एक्सओ’ या लॅपटॉपमध्ये ऑप्टिकल ड्राइव्ह तर नव्हताच, फिरणारी हार्ड डिस्कही नव्हती. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि एक गिगाबाइट फ्लॅश साठवण एवढ्यावर लिनक्सचे ‘फेडोरा’ हे वितरण व ‘शुगर’ हा मुलांसाठीचा दर्शनी भाग चालत असे. प्रणाली बिघडल्यास यूएसबी पेन ड्राइव्ह लावून, पडद्याशेजारची चार खेळ-बटणे दाबून यंत्र सुरू केले की ती नव्याने भरली जाई.

खैराटचे महत्त्व यंत्राच्या स्वस्ताईत नाही. शंभर डॉलरचे उद्दिष्ट असलेल्या या यंत्राची किंमत उत्पादन सुरू होताना सुमारे १८८ डॉलरवर गेली होती. महत्त्व यात आहे की, ड्राइव्हचा अभाव ही उणीव न मानता तो रचनेचा भागच मानला गेला आणि पुनःस्थापनेची वाट शाळेच्या आवाक्यात ठेवली गेली. मात्र पूर्ण मोकळीक येथेही नव्हती. उत्पादनातील यंत्रे प्रकल्पाची अंकीय स्वाक्षरी असलेलीच प्रणाली स्वीकारीत. अन्य प्रणाली भरण्यासाठी वेगळी किल्ली मागवावी लागे. चोरीस आळा घालणे हा त्याचा हेतू होता. तथापि चरखा संघाच्या कसोटीवर पाहता, दुरुस्तीची किल्ली वापरणाऱ्याच्या घराबाहेर राहिली, असेच म्हणावे लागेल.

७. भाषा, लिपी आणि मेमरी

यंत्र हाती असणे आणि त्याची भाषा कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ध्यास या प्रश्नाचीही परंपरा आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या प्रकाशनांत ‘अि’, ‘अु’ अशी, एकट्या ‘अ’वर स्वरचिन्हे लावलेली अक्षरे छापली जात, पवनारच्या विनोबा भावे यांनीही ‘लोकनागरी’ या सुधारित लिपीचा पुरस्कार केला. छपाईचे खिळे व टंकलेखन यंत्राच्या कळा मर्यादित असल्याने लिपीनेच थोडे सोपे व्हावे, असा त्यामागील एक विचार होता. संगणकाने हा क्रम उलट केला. युनिकोड व अक्षरजुळणी करणाऱ्या आज्ञावली आल्यावर जोडाक्षरे जुळविण्याचे काम यंत्राकडे गेले. लिनक्सच्या बाबतीत भारतीय भाषांसाठी २००० मध्ये मुंबईत ‘इंडलिनक्स’ हा प्रकल्प सुरू झाला, २००४ मध्ये ‘लोहित’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले आणि जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ हे भारतीय वितरण प्रसिद्ध केले.

स्थापनेच्या टप्प्यावर मात्र एक लक्षणीय अडचण राहिली. ‘डेबियन’ वितरणाच्या स्थापकास, म्हणजे प्रणाली बसविणाऱ्या आज्ञावलीस, एप्रिल २००७ च्या ४.० या आवृत्तीत चित्रमय रूप मिळाले. साध्या अक्षररूपात देवनागरीची जोडाक्षरे दाखविता येत नसल्याने भारतीय भाषांना हे रूप अत्यावश्यक होते. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत स्थापकाच्या भाषांची संख्या ६३ झाली आणि त्यांत मराठी नव्याने समाविष्ट झाली. हीच आवृत्ती डीव्हीडी, सीडी, यूएसबी, फ्लॉपी व नेटवर्क अशा सर्व मार्गांनी बसविता येत होती. माध्यमांची विविधता आणि मराठीचा प्रवेश हे दोन्ही योग येथे एकत्र आले.

परंतु चित्रमय स्थापकास अधिक मेमरी लागते. यंत्रातील मेमरी अपुरी असल्यास डेबियनचा स्थापक काटकसरीच्या अवस्थेत जातो. तेव्हा भाषांतरे वगळली जातात व केवळ इंग्रजी उरते. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय समर्थनीय आहे, कारण त्याविना स्थापनाच होऊ शकली नसती. सामाजिकदृष्ट्या मात्र त्याचा अर्थ असा की, ज्याचे यंत्र सर्वांत दुबळे, त्यालाच मराठी नाकारली गेली. ज्यांच्यासाठी मराठी स्थापक सर्वाधिक आवश्यक होता, त्यांच्या पडद्यावर तो आलाच नाही. निवारण अशक्य नव्हते. पीएक्सई वा डिस्क काढण्याच्या मार्गाने प्रणाली अन्य यंत्राच्या साहाय्याने बसवून, नंतर मराठी फॉन्ट व कळफलक जोडता येत होते. पण त्यासाठी जाणकार माणूस जवळ असावा लागे. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता दूरवर नेली. त्याचा भर विंडोज व ऑफिस यांवर असल्याने असा जाणकार त्यातून सहसा घडला नाही.

८. माध्यम सुटले, नवी कोंडी उभी राहिली

ऑक्टोबर २००७ मध्ये आसूसचा ‘ई-पीसी’ हा ऑप्टिकल ड्राइव्ह नसलेला व लिनक्ससह मिळणारा छोटा लॅपटॉप बाजारात आला. जानेवारी २००८ मध्ये ॲपलने ‘मॅकबुक एअर’मधून ड्राइव्ह वगळला. गरिबाच्या यंत्रातील उणीव आता श्रीमंताच्या यंत्राचे वैशिष्ट्य ठरली आणि पेन ड्राइव्हवरून स्थापना ही सर्वसामान्य रीत झाली. माध्यमाचा प्रश्न मिटला, असे येथे वाटणे साहजिक आहे.

प्रत्यक्षात जुन्या यंत्रांपुढे नवे अडसर आले. २००३ च्या सुमारास आलेले पेंटियम एम प्रोसेसर अधिक मेमरी हाताळण्याची ‘पीएई’ ही सोय जाहीर करीत नसत. २०१२ मध्ये उबुंटूने या सोयीविना चालणारे केंद्रक वगळताच असे लॅपटॉप पेन ड्राइव्ह लावूनही अडून बसले. २०१७ मध्ये उबुंटूने ३२-बिट डेस्कटॉपची स्थापना-प्रतिमा काढणे थांबविले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी स्थापक उरला नाही. काही लहान वितरणांनी ३२-बिट आवृत्त्या पुढेही चालू ठेवल्या. पण त्यांचे मनुष्यबळ तुटपुंजे आहे.

दुसरीकडे, मालकीच्या प्रणालींच्या मुदतींमुळे चालू यंत्रे जुनी ठरण्याचे चक्र थांबलेले नाही. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी सुरक्षाविषयक विशिष्ट चिप आवश्यक ठरविण्यात आल्याने अनेक सुस्थितीतील संगणक त्या प्रणालीस अपात्र ठरले. ही यंत्रे ६४-बिट असून त्यांना यूएसबीवरून सुरू होता येते. म्हणजेच २००५ मधील लॅपटॉपपुढे जे अडथळे होते, त्यांपैकी बहुतेक आज त्यांच्यापुढे नाहीत. तरीही निर्लेखनाच्या ठरावात त्यांची नावे येऊ शकतात, हे विचारार्ह आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मुक्त परवाना ही स्वावलंबनाची आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नाही. १९९२ मध्ये मिळालेला अधिकार ऑप्टिकल ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपपर्यंत सुलभपणे पोहोचण्यास जवळपास दीड दशक लागले.

२) हे अंतर भरून काढण्याचे काम मुख्यतः वापरणारे, स्वयंसेवक व दुरुस्ती करणारे कारागीर यांनी केले. डॉसमधून सुरुवात करणे, समांतर केबल, नेटवर्क, डिस्क काढून भरणे या युक्त्यांचा इतिहास अद्याप नीट नोंदविला गेलेला नाही. जिल्हापातळीवर मौखिक इतिहासाच्या पद्धतीने तो संकलित करणे शक्य व आवश्यक आहे.

३) भाषेची उपलब्धता आणि यंत्राची क्षमता यांचा संबंध स्थानिकीकरणाच्या चर्चेत दुर्लक्षिला गेला आहे. मराठीतील स्थापक उपलब्ध असूनही दुबळ्या यंत्रावर तो दिसत नसेल, तर भाषांतर पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.

४) १९२९ च्या चरखा पारितोषिकाच्या अटींतील आयुर्मान व दुरुस्ती यांची कसोटी संगणक-खरेदी व निर्लेखन या दोन्ही प्रसंगी लागू करता येण्याजोगी आहे. खरेदीच्या वेळी किमतीबरोबरच ‘या यंत्रावर दहा वर्षांनंतर आपल्या हाताने दुसरी प्रणाली भरता येईल काय?’ हा प्रश्न आणि निर्लेखनाच्या वेळी ‘यंत्र बिघडले आहे की केवळ त्यावरील प्रणालीची मुदत संपली आहे?’ हा प्रश्न समितीने विचारणे उचित ठरेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास एक पेन ड्राइव्ह व दुपारचे दोन तास पुरतात.

मगन संग्रहालयातील साधने एका विशिष्ट काळाची आहेत व संगणकाच्या युगात ती जशीच्या तशी उपयोगी पडणार नाहीत. परंतु त्या साधनांमागे असलेला, यंत्राचा निवाडा वापरणाऱ्याच्या बाजूने करण्याचा आग्रह कालबाह्य झालेला नाही. ऑप्टिकल ड्राइव्ह नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर पुन्हा उजळलेला पडदा हे त्या आग्रहाचेच एक साधेसे उदाहरण आहे. महाविद्यालयांच्या भांडारगृहांतील यंत्रे नोंदवहीतून कमी होण्यापूर्वी त्याची एकदा प्रचिती घेतली जावी, एवढी अपेक्षा या अभ्यासाच्या आधारे व्यक्त करता येते.